म्हापशाच्या बाजारात कॅमेरा कुठे उभा करायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय २४, राहणार पेडणे. म्हापशात औषधाच्या दुकानात कामाला आहे. दोन वर्षं गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाला डेलिगेट म्हणून जाऊन शहरातल्या साध्या माणसांवरचे वास्तववादी सिनेमे पाहिले, तेव्हापासून रस्त्यावरचे फोटो काढतोय. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. फोटो एकतर पर्यटनाच्या कॅलेंडरसारखे दिसतात, नाहीतर हललेले येतात. काळेपांढरे करून ग्रेन (जुन्या फिल्मसारखा दाणेदार पोत) घातला तरी ती धग येत नाही. मासळी बाजारात एका मावशीने सगळ्यांसमोर झापलं. गोव्यात तसं खरखरीत शहर आहे का, की सरळ मुंबई गाठू? रात्रीच्या पायलटवर (मोटारसायकल टॅक्सीवाल्यावर) दहा मिनिटांची शॉर्ट फिल्मही करायची आहे. पंचवीस हजार साठवलेत. लेन्स घेऊ का? परवानगी लागते का?"

प्रिय वाचक,

मुंबईचं तिकीट काढू नका. तिथे तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे असाल आणि जे फोटो हजारो लोक काढतात तेच काढून परत याल. म्हापशात तुम्ही आठवड्याचे सहा दिवस उभे असता. कोणता टेम्पो कधी लागतो, कोणाची कोणाशी भांडणं आहेत, कंडक्टर कुठे चहा पितो, हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे. या ज्ञानाला पर्याय नाही आणि ते कुठल्या दुकानात विकतही मिळत नाही.

राहिला प्रश्न गोव्यात तसं शहर आहे का याचा. पणजीसमोरच्या माळीमच्या धक्क्यावर मासेमारीचे ट्रॉलर लागतात तेव्हा बर्फ आणि टोपल्या वाहणारी माणसं, मडगावचा घाऊक मासळी बाजार, कोळशाची धूळ झेलणारं वास्को, कॅसिनोतली रात्रपाळी संपवून मांडवीच्या काठाने घरी निघालेली पोरं, बेतीच्या फेरीबोटीत गाडीवर बसल्या बसल्या पेंगणारे कामगार. हे सगळं तुमच्या घरापासून एक-दोन बसच्या अंतरावर आहे. फोटो कॅलेंडरसारखे येतात त्याचं कारण गोवा सुंदर आहे हे नाही. तुम्ही सुट्टीच्या वेळी, सुट्टीच्या उजेडात, लेन्स झूम करून ५५ वर नेऊन लांबून फोटो काढता, हे आहे. लांबून माणूस देखावा होतो. जवळून त्याचं काम दिसतं.

आता ग्रेनबद्दल, कारण तुमची सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणारी फिल्म १९५४ मध्ये ३५ मिमी रोलमध्ये आली आणि दिव्याच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढणं सोपं झालं. तेवढाही उजेड पुरला नाही की फोटोग्राफर ती फिल्म जास्त वेळ डेव्हलप करायचे, म्हणजे 'पुश' करायचे. त्यात दाणा मोठा होतो, पांढरं जास्त पांढरं होतं आणि सावलीतला तपशील बुडतो. तो खरखरीत पोत उजेड नसलेल्या जागी टिकून राहिल्याचा परिणाम होता. तुम्ही भर दुपारी काढलेल्या स्वच्छ फोटोवर तोच दाणा वरून शिंपडता, म्हणून तो खोटा वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन वास्तववादी सिनेमाचंही असंच. स्टुडिओ मोडकळीला आले होते, पैसा नव्हता, म्हणून कॅमेरे रस्त्यावर आले आणि बिनअभिनेत्यांना भूमिका मिळाल्या. त्यातल्या बहुतेक सिनेमांचा आवाज मात्र नंतर स्टुडिओत डब केलेला असे. म्हणजे 'रस्त्यावरचा खरा सिनेमा' हासुद्धा काय घ्यायचं, काय टाकायचं आणि काय नंतर जोडायचं हे ठरवूनच केला जात होता. तुम्हालाही ते ठरवावं लागेल.

सुरुवात एका जागेने करा. संपूर्ण बाजार नको. एक चौक किंवा एक पट्टा पुरे. समजा मासळी बाजाराचं दार आणि त्यासमोरची वीस पावलं. आठवडी बाजाराचे पहिले चार शुक्रवार कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि वही काढा. दर अर्ध्या तासाला तीन गोष्टी लिहा: उजेड कुठून येतोय, कोण काय काम करतंय, आणि गर्दी कुठे अडते. तिसरी नोंद सगळ्यात कामाची. माणसं अडतात तिथे ती थांबतात, वाकतात, ओझं बदलतात, एकमेकांकडे बघतात. फोटो तिथेच होतो. उघड्या रस्त्यावर चालत्या माणसाच्या मागे धावून फक्त पाठी मिळतात.

उजेडाचं गणित गोव्यात सोपं आहे. सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, बाराला नाही. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तो जवळजवळ उभा वर असतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि टोपी घातलेल्याचा चेहराच जातो. त्या दिवसांत अकरा ते तीन उघड्यावर काढू नका, छपराखाली शिरा. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवरच असतो आणि सावल्या उत्तरेला पडतात. त्यामुळे नाताळच्या खरेदीच्या दिवसांत दुपारची जेवणाची सुट्टीसुद्धा वाया घालवू नका.

छपराखाली एक अडचण हमखास येते: निळी ताडपत्री. तिच्यातून झिरपणारा उजेड निळा असतो. त्यात माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि बांगडा उगाच चकचकीत. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय) इथे गोंधळतो, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला ताडपत्रीचा निळा असतो आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबचा हिरवट किंवा बल्बचा पिवळा. नंतर एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो. उपाय एकच: ताडपत्री जिथे संपते त्या काठावर उभे राहा, तोंड आतल्या बाजूला करून. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर तुमच्या पाठीमागून मोकळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि मागचा अंधार आपोआप खोल होतो. फोटो रॉमध्ये (नंतर सुधारता येणाऱ्या मूळ फाइलमध्ये) काढा आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी, म्हणजे फोटो थोडा गडद ठेवा, म्हणजे पांढरे शर्ट आणि बर्फ तपशील हरवून नुसते पांढरे होत नाहीत.

हललेल्या फोटोंचं उत्तर तुमच्याच लेन्समध्ये आहे. १८ मिमीवर एफ ८ (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून दोन मीटरवर फोकस केला की साधारण एक मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तुमच्या लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नाहीत, म्हणून असं करा. घरी भिंतीपासून दोन मीटर मोजून उभे राहा, झूम १८ वर आणा, ऑटोफोकसने भिंत पकडा, मग लेन्सवरची कळ एमएफवर (हाताने फोकस) सरकवा. फोकसच्या आणि झूमच्या अशा दोन्ही कड्यांवर कागदी टेप लावा. चिकटपट्टी नको, उन्हात तिचा गोंद वितळून कड्यात जातो. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ३२००. आता कॅमेरा उचलायचा आणि बटण दाबायचं, मध्ये दुसरं काही नाही. चालता माणूस १/१२५ ला पावलांपाशी हलतो आणि वळता माणूस हातांपाशी, म्हणून दिवसा शटरवर तडजोड करू नका. दर तासाला टेप तपासा. पिशवीत घासून कडं अर्धा इंच फिरलं तर दिवसभराचं काम अस्पष्ट येतं आणि ते मागच्या छोट्या पडद्यावर कळत नाही.

सूर्य कलल्यावर एफ ८ झेपणार नाही. मग एफ ३.५ वर या आणि फोकस अडीच मीटरवर नव्याने बांधा. आता साधारण पावणेदोन ते पाच मीटर एवढाच पट्टा तुमचा. त्याच्या आतबाहेरचं सोडून द्या. रात्री दुकानांच्या उजेडात आयएसओ ३२०० आणि शटर १/१०० धरा. हा आकडा मुद्दाम सांगतो आहोत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ला ती लुकलुक भरून निघते. १/५०० ला फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात आणि ते कशानेच जात नाहीत.

मावशीचं आता. त्या का चिडल्या असतील याची तीन कारणं संभवतात आणि तिन्ही रास्त आहेत. पहिलं, भवानी झाली नव्हती. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी कोणी समोर कॅमेरा धरून उभं राहिलं की विक्रीची वाट अडते. दुसरं, हल्ली कोणीही व्हिडिओ काढतो आणि भाव सांगताना, घासाघीस करताना माणूस मोबाइलवर कुठेतरी पोचतो. तिसरं, तुम्ही काढलेला फोटो त्यांना कधीच दिसला नाही. तेव्हा भवानी होईपर्यंत कॅमेरा खाली. आधी मासळी घ्या, खरोखर घ्या, आणि पैसे देताना सरळ विचारा: "मावशी, तुमचो एक फोटो काडूं?" नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर पहिले दोन फोटो ऐटीतले येतील, ते काढून घ्या, मग तिथेच थांबा. पाचव्या मिनिटाला त्या तुम्हाला विसरतात, सुरी पुन्हा चालू लागते, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा होतो. पुढच्या शुक्रवारी पोस्टकार्ड आकाराची एक प्रिंट नेऊन द्या. ज्यांनी झापलं त्यांच्याकडे पहिली प्रिंट जायला हवी, नाहीतर त्या ओळीत पुन्हा उभं राहता येणार नाही.

न विचारता काढायचेच नाहीत असं आमचं म्हणणं नाही. गर्दीचा, ओझ्यांचा, कामाच्या लगबगीचा फोटो विचारून होत नाही. पण दारू पिऊन पडलेला माणूस, भीक मागणारं मूल, रडणारी बाई यांचे चेहरे घेऊ नका. लोक दुःख म्हणजेच वास्तव समजतात आणि तेवढंच गोळा करतात. कष्ट, चलाखी, कंटाळा, थट्टा हेही त्याच बाजारात आहे आणि ते टिपायला जास्त अवघड आहे.

पैशांबद्दल: लेन्स आत्ता नको. सगळे तुम्हाला ५० मिमी एफ १.८ घ्यायला सांगतील. तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी दिसते आणि बाजारात तुम्हाला पुन्हा समोरच्या फुटपाथवर ढकलते. पुढेमागे घ्यायचीच तर कॅननची २४ मिमी एफ २.८ चपटी लेन्स घ्या, ती ३८ मिमीसारखी पडते. फिल्म करायची असेल तर आधी आवाजावर खर्च करा. १५००डीला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही आणि आतला माइक लेन्सची घरघर टिपतो. एक साधा हातातला रेकॉर्डर, कॉलरला लावायचा एक माइक आणि त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, एवढं घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाजाची जुळवणी होते. प्रत्येक जागी कोणी न बोलता पूर्ण एक मिनिट नुसता तिथला आवाज घ्या. दोन वाक्यांमधल्या फटी त्याने भरल्या नाहीत तर रात्रीचा सीन तुकडे चिकटवल्यासारखा ऐकू येतो.

पायलटचा विषय उत्तम निवडलात. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल आणि स्टँडवर नंबरची वाट बघणं हे आपलंच आहे. बघा, गोष्ट त्या वाट बघण्यातच आहे, भाडं मिळाल्यानंतरच्या रस्त्यावर कमी. ते निर्मितीच्याही सोयीचं, कारण चालत्या गाडीवर संवाद घेता येत नाहीत: इंजिन आणि वारा मिळून सगळं गिळतात. संवाद उभ्या गाडीवर घ्या, इंजिनचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर घाला, आणि चालत्या गाडीचे शॉट बाजूच्या दुसऱ्या वाहनातून घ्या. मागे बसून कॅमेरा धरायचा असेल तर दोघांनाही हेल्मेट आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात.

कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम पॅल करा, मग सेकंदाला २५ फ्रेम मिळतात. मूव्ही एक्स्पोजर मॅन्युअल, शटर १/५०. ३० फ्रेमवर १/६० शटर ठेवलंत तर स्ट्रीटलाइटखाली चित्र धडधडेल. कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यूतला (मागच्या पडद्यावर बघतानाचा) ऑटोफोकस मंद आहे आणि शॉटच्या मध्ये फोकस बदलायला गेलात तर पुढेमागे शोधत बसतो. म्हणून फोकस बांधून ठेवा आणि माणसाला त्या पट्ट्यात थांबवा, त्यासाठी जमिनीवर खडूची खूण पुरते. दिवसाचा एखादा शॉट असेल तर ५८ मिमीचा एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून एफ ८ वर घ्या. फिरवून गडद होणारा फिल्टर घेऊ नका, कारण तुमच्या लेन्सचं पुढचं तोंड फोकसबरोबर फिरतं आणि फिल्टरही फिरत राहतो.

रात्री पायलटच्या चेहऱ्याची अडचण येईल. दिवा वर, हेल्मेटची कड कपाळावर, आणि खाली सगळा काळोख. त्याला महागडा लाइट लागत नाही. पेट्रोलच्या टाकीवर पांढरा जाड कागद चिकटवा, फ्रेमच्या खाली राहील असा. वरच्या दिव्याचा उजेड त्यावरून उसळून हनुवटीवर आणि डोळ्यांत येतो. तेही कमी पडलं तर स्टँडसमोरच्या विक्रेत्याच्या गाड्याचा बल्ब, मालकाला विचारून, जास्त वॅटचा लावा आणि पायलटला तिकडे तोंड करून बसवा.

संवाद लिहिताना सावध राहा. पायलट घरी कोकणी बोलेल, पर्यटकाशी हिंदी किंवा मोडकं इंग्रजी, बांधकामावरच्या मजुराशी कानडीचे चार शब्द, आणि पंचायतीच्या कागदाबद्दल मराठी. त्याच्या तोंडी शाळेच्या पुस्तकातली मराठी घातलीत की पहिल्याच मिनिटाला सिनेमा पडला. खरा पायलट घेणार असाल तर त्याला वाक्यं पाठ करायला देऊ नका, प्रसंग सांगा: "रात्रीचे साडेदहा झालेत, दोन तास भाडं नाही, आणि ओळखीचा माणूस उधारीवर सोड म्हणतो." हाताला काम द्या, आरसा पुसायला सांगा. तालीम म्हणून सांगा आणि तीच शूट करा, मात्र हे तुम्ही करणार असल्याचं आधीच त्याच्या कानावर घाला. त्याची जेवढी रात्र तुम्ही घेता तेवढ्या भाड्याचे पैसे शूटिंग सुरू होण्याआधी हातात द्या. संमतीचा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि लिपीत करा.

परवानगीचं साधं आहे. सार्वजनिक रस्त्यावर स्वतःसाठी, हातात कॅमेरा धरून फोटो काढायला परवाना लागत नाही. ट्रायपॉड, लाइट आणि नट आले की ते शूटिंग झालं. मग एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करा, गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांचं काम तिथून होतं. शिवाय जागा ज्याची त्याचं पत्र घ्या: बाजाराला नगरपालिका, बसस्थानकाला कदंबा महामंडळ, फेरीला नदी परिवहन खातं. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती आणि वायर कुठून नेणार हे लिहा. तेवढं स्पष्ट असलं की बऱ्याच शंका तिथेच मिटतात. बंदराच्या आवारात आणि दाबोळीच्या नौदल तळाच्या आसपास कॅमेरा काढूच नका.

तारखा ठरवताना १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी लक्षात ठेवा. त्या काळात माळीमला उतरणारी मासळी नसते, जाळ्यांची आणि बोटींची डागडुजी असते. तो विषय वेगळा आणि चांगला आहे, पण तुमच्या स्क्रिप्टमध्ये लिलाव असेल तर तो ३१ मेच्या आतच उरका. मेमध्ये म्हापशात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी चालते, सुकी मासळी, मिरची, सोलं. तेव्हाचे शुक्रवार सोडू नका. पावसात कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते, म्हणून पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबा. घरी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा. तांदूळ घालू नका, त्याची पिठी कड्यांमध्ये जाते. आर्द्रता साठच्या वर राहिली की एका पावसाळ्यात काचेवर बुरशीचे धागे दिसू लागतात.

काळंपांढरं की रंगीत हे फोटो काढण्याआधी ठरवा. ताडपत्रीचा निळा, मडगार्डचा पिवळा, बर्फावरचं रक्त हे तुमच्या बाजाराचे रंग आहेत, म्हणून आमचं मत रंगीतच्या बाजूने आहे. पुढच्या पत्रासोबत एकाच शुक्रवारचे, एकाच जागेवरून सलग काढलेले छत्तीस फोटो पाठवा, एकही न गाळता आणि एकही न सुधारता. निवडलेल्या पाच फोटोंवरून तुम्ही कुठे उभे होता आणि कधी घाईत बाजूला सरकलात हे सांगता येत नाही.